फाइल समोर आहे, तरी सापडत नाही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली. तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं बोल, आणि जेवणाच्या आधी आटप." यातली तिसरी अट मी नक्की पाळणार आहे. पहिल्या दोन एकत्र पाळणं अवघड आहे, प्रयत्न करते.

आपण १९९६च्या दहावीचे. आठवीत असताना ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आपण सगळ्यांनी पाहिली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून आपण उशिरा झोपलो होतो, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. त्याबद्दल आज बोलणार नाही. पण मी जी गोष्ट सांगणार आहे ती त्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या एका गावातली आहे, औसा तालुक्यातली. आणि त्या गोष्टीत माझ्याबरोबर आपल्याच वर्गातला एक जण आहे. त्याला विचारूनच सांगते आहे. "सांग, पण नाव घेऊ नको," असं तो म्हणाला. आता मी नाव घेतलं नाही तरी अर्ध्या सभागृहाला कळणारच, त्याला माझा इलाज नाही.

आधी माझं काम काय ते सांगते. मी पुण्यात असते. मोठ्या यंत्रांच्या आत जे छोटे संगणक बसवलेले असतात, त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिते. गाडीत असतात, मीटरमध्ये असतात, दवाखान्यातल्या मशिनीत असतात. या संगणकांना बहुतेक वेळा ना पडदा असतो ना कीबोर्ड. जागाही थोडी. त्यांच्यावर बसून प्रोग्राम तयार करता येत नाही. म्हणून प्रोग्राम आपल्या लॅपटॉपवर तयार करायचा आणि तिकडे नेऊन चालवायचा. तुमच्या मोबाइलमधली ॲप्ससुद्धा अशीच दुसऱ्या संगणकावर तयार होऊन येतात.

अडचण अशी की लॅपटॉपच्या प्रोसेसरची भाषा वेगळी आणि त्या छोट्या संगणकाच्या प्रोसेसरची वेगळी. माणसानं लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा तो क्रॉस कंपायलर. लातुरात बसून नांदेडच्या मावशीचा ब्लाउज शिवावा तसं. मशीन आपली, मापं तिची. ती समोर नसते, घालून बघता येत नाही. पार्सल तिथे पोचलं की कळतं, बसलं की नाही.

आणि बरेचदा बसत नाही. माझ्या नोकरीतली कित्येक वर्षं "का बसलं नाही" हे शोधण्यात गेली आहेत.

हे काम आपल्याकडे नवं नाही. या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं हिताची आणि पुढे रेनेसास या जपानी कंपन्यांच्या एसएच आणि एच-८ चिपांसाठी जीएनयूचे क्रॉस कंपायलर बांधून जगभरच्या इंजिनिअरांना मोफत दिले. चिप जपानची, मूळ कंपायलर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, आणि या चिपांसाठी तो बांधून द्यायचा, अडलेल्याला मदत करायची, हे काम पुण्यातून. आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरनं हा कंपायलर आतून कसा चालतो ते शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. मी या दोन्ही ठिकाणी नव्हते, पण त्या कामाच्या सावलीत शिकले.

आता गोष्ट.

मे २०२२. मी आईकडे लातूरला आले होते. या मित्राचा फोन आला. तो पंपाची कंट्रोल पॅनेल बनवतो, हे तुम्हाला माहीत आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यानंतर त्यानं एक पॅनेल तयार केलं. बोअरचं पाणी संपलं की मोटर कोरडी फिरते आणि जळते. कोरडी फिरायला लागली की तिचा अँपिअर खाली येतो. पॅनेलमधला छोटा संगणक हे बघत राहतो आणि मोटर बंद करतो. पाणी भरायला तासभर देतो, पुन्हा चालू करतो. त्याची अशी पॅनेल बऱ्याच गावांत चालू होती.

त्या वर्षी जगभर चिपांचा तुटवडा होता. तो नेहमी वापरायचा तो बोर्ड बाजारात मिळेना. त्यानं पुण्याहून दुसरा, स्वस्त आणि जुन्या पद्धतीचा बोर्ड मागवला. त्याच्यावर तोच प्रोग्राम टाकला, तर चालेना. प्रोग्राम लिहिणारा मुलगा नोकरी लागून हैदराबादला गेलेला. मागे एक पेन ड्राइव्ह ठेवून गेला होता, त्यात मूळ लिखाण होतं.

"गावात पॅनेल बसवून बसलोय," तो म्हणाला. "दोनदा मोटर जळालीय या उन्हाळ्यात. तिसऱ्यांदा भरली. रात्री साडेदहाला थ्री-फेज येणार. येऊन बघतीस का?"

मी लॅपटॉप घेऊन संध्याकाळी पाचला तिथे पोचले. टाकीखालची पंपाची खोली. बाहेर घागरी रांगेत लावलेल्या. पाणी सोडणारे काका दारात बसलेले. ते मला म्हणाले, "ताई, आज पाणी सुटलं नाही तर उद्या टँकरची वाट बघावी लागेल."

बोर्डला लॅपटॉप जोडला. प्रोग्रामला चालायला सांगितलं. उत्तर आलं: अशी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही.

फोल्डरची यादी काढली. फाइल आहे. नावही बरोबर. पुन्हा चालवलं. फाइल नाही म्हणतो.

मी ठरवून टाकलं की प्रोसेसरच वेगळा असणार. मूळ लिखाणावरून प्रोग्राम नव्यानं तयार केला, बोर्डवर टाकला. आता वेगळा संदेश आला: ही फाइल चालवता येत नाही, तिचा साचा चुकीचा आहे. लॅपटॉपवर 'फाइल' नावाची एक साधी आज्ञा असते. कुठल्याही फाइलचं नाव तिला द्या, ती फाइल कोणासाठी बनली आहे ते सांगते. तिनं सांगितलं, इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरसाठी. म्हणजे माझ्याच लॅपटॉपसाठी! घाईत मी नेहमीचा कंपायलर वापरला होता, क्रॉस नव्हे. मावशीचा ब्लाउज माझ्या मापानं शिवला होता. वीस वर्षांचा अनुभव, आणि त्या संध्याकाळची पहिली चूक माझीच.

मग क्रॉस कंपायलरनं तयार केला. टाकला. चालवला. फाइल अस्तित्वात नाही! पुन्हा तेच, जिथून सुरुवात झाली होती तिथेच. पण आता निदान प्रोसेसर बरोबर होता. 'फाइल'च्या आज्ञेनं एआरएम सांगितलं, आणि बोर्डला विचारलं तर तोही एआरएम म्हणाला.

मी चिडले होते. हा माझ्या खांद्यावरून बघत होता. तो म्हणाला, "फाइल नाही म्हणायलंय, का फाइलला जे लागतंय ते नाही म्हणायलंय?"

मी मागे वळून बघितलं.

"मोटर चालू होईना गेली की गावातली माणसं म्हणतात मोटर गेली," तो म्हणाला. "आम्ही मोटर उघडत नसतो आधी. सप्लाय बघतो, स्टार्टर बघतो. मोटर हाय तिथंच असती."

अगदी बरोबर होतं त्याचं. मला हे माहीत असायला हवं होतं, आणि माहीत होतंही, पण त्या क्षणी सुचलं नव्हतं.

थोडं समजावून सांगते. बहुतेक प्रोग्राम एकटे चालत नाहीत. लिहिणं, वाचणं, गणित करणं अशी रोजची कामं प्रोग्राम स्वतः करत नाही. ती आधीच तयार असलेल्या लायब्ररींकडून करून घेतो. प्रोग्राम सुरू होताना त्याला या लायब्ररी जोडून देणारा एक मदतनीस लागतो. त्याला लोडर म्हणतात. प्रोग्रामच्या फाइलच्या आत, सुरुवातीलाच, लिहून ठेवलेलं असतं की मला अमुक नावाचा मदतनीस लागेल आणि तो अमुक ठिकाणी मिळेल. फाइलच्या आतल्या त्या नोंदीत या मदतनीसाला जो शब्द वापरतात तो आहे 'इंटरप्रिटर'. म्हणजे दुभाषा.

बोर्ड फाइल उघडतो. आत दुभाष्याचं नाव वाचतो. तो ठरलेल्या जागी बघतो. दुभाषा तिथे नसतो. मग बोर्ड सांगतो, फाइल अस्तित्वात नाही. कुठली फाइल, ते सांगत नाही. नसलेली वस्तू असते दुभाषा, आणि नाव मात्र प्रोग्रामचं येतं. अनेक नवे इंजिनिअर या एका संदेशापायी आख्खा दिवस घालवतात.

लोडरच्या विसराळूपणाची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. १९७५मध्ये बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअर नावाच्या संगणकासाठी बेसिक ही भाषा लिहिली. तो संगणक त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. हार्वर्ड विद्यापीठातल्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर त्यांनी अल्टेअरच्या प्रोसेसरची नक्कल उभी केली आणि तिच्यावर सगळं काम केलं. दाखवायला ॲलन विमानानं अल्बुकर्कला निघाले. विमान उतरायच्या सुमाराला त्यांच्या लक्षात आलं की प्रोग्राम यंत्रात चढवणारा लोडरच लिहिलेला नाही. विमानातच कागदावर लिहून काढला. तिथे गेल्यावर यंत्राला २ अधिक २ विचारलं आणि ४ उत्तर आलं. तो कागद लिहिला नसता तर आतला सगळा प्रोग्राम बरोबर असूनही यंत्र गप्प बसलं असतं.

आमच्याकडे काय झालं होतं? 'रीडएल्फ' नावाच्या आज्ञेनं मी फाइलच्या आत बघितलं. दुभाष्याच्या नावात 'एचएफ' ही अक्षरं होती. बोर्डवरच्या फोल्डरमध्ये दुभाषा होता, पण त्याच्या नावात एचएफ नव्हतं. एचएफ म्हणजे हार्ड फ्लोट. नव्या एआरएम चिपांमध्ये दशांश चिन्हाच्या आकड्यांसाठी वेगळी सोय असते, आणि एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे असे आकडे त्या सोयीतूनच पोचवले जातात. जुन्या चिपांमध्ये ती सोय नाही, तिथे ते आकडे साध्याच वाटेनं जातात. दोन्हीकडची देवाणघेवाणीची रीत वेगळी. नुसतं दुभाष्याचं नाव बदलून भागत नाही, कारण निरोप एका खिशात ठेवला आणि समोरच्यानं दुसऱ्या खिशात शोधला तर हाती काही लागणार नाही.

म्हणजे मला जुन्या पद्धतीचा क्रॉस कंपायलर हवा होता, आणि तो लॅपटॉपवर नव्हता. गावात रेंज टाकीच्या जिन्यावर चौथ्या पायरीला मिळत होती. मोबाइल तिथे ठेवला, डाउनलोड लावलं. दीड तास दाखवत होतं. साडेसहा वाजले होते.

काकांनी चहा आणला. आम्ही पायऱ्यांवर बसलो.

तो म्हणाला, "अकरावीत माझं असंच झालं बघ. मी होतो की वर्गात. पण नाही म्हणूनच धरलं मला."

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते वर्ष आठवत असेल. आपण मराठी माध्यमातले. दहावीला चांगले मार्क, म्हणून सायन्स. जूनमध्ये वर्गात बसलो आणि सगळं इंग्रजीत सुरू झालं. लातूरचा अभ्यास म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्या गावाचं नाव राज्यभर त्या अभ्यासावरून घेतात. वेग जबरदस्त. पहिल्या चाचणीत मला फिजिक्सला २५पैकी ७ मार्क पडले. वर्गात उभं करून इनर्शिया विचारलं. मला इनर्शिया माहीत नव्हतं. जडत्व माहीत होतं, उदाहरणांसकट माहीत होतं. बस अचानक थांबली की माणसं पुढे का जातात, हे आपल्या सरांनी एसटीच्या कंडक्टरची नक्कल करून शिकवलं होतं. पण ते दोन शब्द एकच आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी गप्प उभी राहिले. "दहावीला एवढे मार्क कसे काय पडले?" असा प्रश्न आला. वर्ग हसला.

मी रडत आपल्या शाळेत आले होते. विज्ञानाच्या सरांकडे. सर आज समोर बसले आहेत, त्यांना आठवतं की नाही माहीत नाही. सरांनी फिजिक्सचं पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "यातलं पुष्कळ तुला येतं. फक्त नावं बदललीत." एक दोनशे पानी वही आणायला सांगितली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. जडत्व, इनर्शिया. संवेग, मोमेंटम. त्वरण, ॲक्सिलरेशन. रोज संध्याकाळी तीन आठवडे मी शाळेत येत होते आणि सर ती वही माझ्याकडून भरून घेत होते. दिवाळीआधीच्या परीक्षेत मला २५पैकी १९ पडले.

ही वही मी कोणाला दाखवली नाही.

हे मला आज इथे सांगायचं होतं. मी ती दप्तरात तळाशी ठेवत असे. आपण सगळे एकमेकांचे मित्र होतो, पण मार्कांच्या बाबतीत नव्हतो. हा माझ्या मागच्या बाकावर बसायचा. दहावीला त्याला गणितात माझ्यापेक्षा जास्त होते. अकरावीच्या शेवटी तो नापास झाला, सायन्स सोडलं आणि आयटीआयला गेला. सगळे म्हणाले, त्याचं डोकं सायन्सचं नव्हतं. मीही तसंच म्हणाले होते.

टाकीच्या पायरीवर मी त्याला हे सगळं सांगितलं. वहीबद्दल.

तो म्हणाला, "मला माहीत होतं. बघितली होती मी तुझ्या दप्तरात."

"मग मागितली का नाहीस?"

"दिली असतीस?"

मला उत्तर देता आलं नाही. तोही पुढे काही बोलला नाही. चहाचे कप काकांना देऊन आला आणि म्हणाला, "झालं का बघ डाउनलोड."

पुढचं भराभर सांगते. आठ वाजता नवा क्रॉस कंपायलर लागला. प्रोग्राम टाकला. दुभाषा सापडला, आणि त्यानं नवी तक्रार केली: गणिताच्या लायब्ररीची २.२७ ही आवृत्ती हवी, इथे जुनी आहे. प्रोग्राम पॅनेलचं तापमान मोजत होता आणि त्यासाठी लॉगरिदम काढत होता. आपल्या त्या लॉगटेबलातलंच गणित. माझ्या लॅपटॉपवरची लायब्ररी नवी, बोर्डवरची कितीतरी जुनी. यावर दोन उपाय असतात. बोर्डवरच्या लायब्ररी लॅपटॉपवर आणून त्यांच्या मापानं प्रोग्राम बांधायचा. नाहीतर लागणारं सगळं प्रोग्रामच्या पोटातच भरायचं, म्हणजे त्याला तिथे कोणावर अवलंबून राहावं लागत नाही. फाइल मोठी होते, पण शिदोरी बरोबर असते. वेळ कमी होता, मी दुसरा उपाय केला.

चालवलं. या वेळी प्रोग्राम सुरू झाला आणि लगेच मेला. संदेश: बेकायदा सूचना. म्हणजे प्रोसेसरला न समजणारा शब्द आला. भाषा एकच, पण जुन्या माणसासमोर आजच्या पोरांचा शब्द वापरावा तसं. प्रोग्राम तयार करण्याच्या सूचनांमध्ये त्या मुलानं आधीच्या बोर्डसाठी एक ओळ लिहून ठेवली होती, की एआरएमच्या सातव्या पिढीचे शब्द वापर. आमचा बोर्ड पाचव्या पिढीचा होता. ती ओळ बदलली.

नऊ चाळीसला प्रोग्राम चालला. अँपिअरचे आकडे पडद्यावर यायला लागले. शून्य, शून्य, शून्य, कारण लाइट अजून आली नव्हती.

साडेदहाला थ्री-फेज आली. मोटर सुरू झाली. टाकीत पाणी पडल्याचा आवाज येईपर्यंत कोणी बोललं नाही. चाळीस मिनिटांनी अँपिअर खाली आला आणि पॅनेलनं मोटर बंद केली. काका घाबरून उभे राहिले. त्यांना वाटलं, पुन्हा जळाली. मित्र म्हणाला, "काका, जळाली नाही. वाचली." तासाभरानं ती आपोआप सुरू झाली. पहाटेपर्यंत टाकी अर्धी झाली होती. पूर्ण नाही, अर्धी. पण सकाळी गावाला पाणी सुटलं.

इथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुलं इंजिनिअरिंगला आहेत. त्यांच्यासाठी त्या रात्रीचा सारांश सांगते, त्यांना दाखवा. बाहेर तयार केलेला प्रोग्राम चालत नसेल तर या क्रमानं विचारा. पहिलं, हा कोणत्या प्रोसेसरसाठी बनला आहे? 'फाइल'ची आज्ञा सांगेल. दुसरं, तो कोणता दुभाषा मागतो आणि तो तिथे आहे का? 'रीडएल्फ' सांगेल. तिसरं, त्याला कोणत्या लायब्ररी हव्यात, आणि कोणत्या आवृत्तीच्या? हेही 'रीडएल्फ'ला विचारा. 'एलडीडी' ही आज्ञा लॅपटॉपवर दुसऱ्या प्रोसेसरच्या फाइलसाठी उपयोगी पडत नाही, त्यात फसू नका. चौथं, प्रोसेसरची पिढी कोणती? पाचवं, फाइलला चालण्याची परवानगी आहे का? पेन ड्राइव्हवरून आणताना ती बरेचदा हरवते. आणि या पाचही प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत प्रोग्राम खराब आहे असं म्हणू नका. मूळ लिखाणातली एक ओळही आम्ही त्या रात्री बदलली नाही. त्या मुलानं लिहिलेलं सगळं बरोबर होतं.

परत येताना गाडीत मी त्याला म्हणाले, तू सायन्स सोडायला नको होतंस. तो हसला आणि म्हणाला, "सोडलं नसतं तर आज हे पॅनेल कोणी बनवलं असतं?" त्याचं खरं आहे. त्याच्याकडे आज सहा माणसं कामाला आहेत आणि तो सुखी आहे, त्याची मला कीव करायची नाही. पण त्यानं सायन्स सोडलं ते स्वतः ठरवून नव्हे. नाही म्हणून धरलं, म्हणून सोडलं. आणि मी मागच्या बाकाकडे एकदा वही सरकवली असती, तर निदान ठरवायचं काम त्याच्याकडे राहिलं असतं.

पुढे मी नांदेडला इंजिनिअरिंग केलं. तिथे हॉस्टेलवर देगलूरच्या, मुखेडच्या, किनवटच्या मुली होत्या, सगळ्या मराठी माध्यमातल्या. तिथेही पहिल्या वर्षी काही जणी परत गेल्या. तेव्हाही ती वही माझ्या ट्रंकेत होती. तेव्हा मात्र मी ती दोघींना दिली होती, हे सांगितलं नाही तर माझ्यावरच अन्याय होईल. पण दोघींनाच.

ती वही मी आज आणली आहे. पानं पिवळी पडली आहेत आणि सरांच्या लाल शाईच्या दुरुस्त्या फिक्या झाल्या आहेत, पण वाचता येतं. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. ही शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. मूळ प्रत कपाटात ठेवा आणि झेरॉक्स दहावीच्या प्रत्येक मुलामुलीला द्या, मार्चची परीक्षा झाली की लगेच. झेरॉक्सचा खर्च माझा आणि त्या मित्राचा, निम्मा निम्मा. तसं त्यानं काल रात्री कबूल केलं आहे, आणि आता सगळ्यांसमोर सांगितल्यामुळे त्याला मागे फिरता येणार नाही. गणित आणि रसायनाची वही तयार करायची आहे. ज्यांना ते विषय येतात त्यांनी जेवताना माझ्याजवळ येऊन बसा.

सर, तुम्ही तेव्हा माझ्याकडून पैसे घेतले नव्हते, आणि मी तुमचे आभारही मानले नव्हते. पेढ्यांचा डबासुद्धा आणला नव्हता. आज आणलाय. आधी तुम्ही घ्या, मग बाकीच्यांना.